चाळीस ओहमचा पराक्रम

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पुस्तकातून वीज शिकलेलं नव्हतं, आणि मी शिकायला लागल्यावर पुढची दोन वर्षं घरात कुणाला सुखानं दिवा लावता आला नाही. तालुक्याच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मला जागा मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात मी एक टेस्टर विकत घेतला. पिवळ्या दांड्याचा, आत बारीक दिवा असलेला. तो मी शर्टाच्या खिशाला असा अडकवायचो की समोरून येणाऱ्याला माझ्या तोंडाआधी टेस्टर दिसावा. फौजदाराच्या खांद्यावर पट्टी असते, डॉक्टरच्या गळ्यात नळी असते, तसा माझ्या खिशाला टेस्टर. एसटीत उभं राहतानासुद्धा मी छातीची ती बाजू जरा पुढं ठेवायचो. माझ्या मामेबहिणीच्या लग्नाच्या फोटोत मी नवरदेवाच्या शेजारी उसना कोट घालून उभा आहे आणि कोटाच्या वरच्या खिशातून, जिथं इतरांचा रुमाल असतो, तिथून तो पिवळा दांडा डोकावतोय. माझी मुलगी आता इंजिनिअरिंग शिकते. घरी कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी ती हा फोटो आणते.

आयटीआयतल्या आमच्या सरांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला होता. त्रिकोणाचे तीन खण. वरच्या खणात व्होल्ट, खालच्या दोन खणांत अँपिअर आणि ओहम. सर म्हणाले, ‘‘जे काढायचंय त्यावर बोट ठेवा. उरलेले दोघं उत्तर सांगतात.’’ व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, म्हणजे तार करंटला किती अडवते ते. व्होल्टला ओहमनं भागलं की अँपिअर. आणि व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट, म्हणजे एकूण किती ताकद खर्च होते ते. एवढंच. दहावीच्या गणितात मी दोनदा लोळलो होतो. इथं मात्र एक बोट ठेवलं की उत्तर! मला वाटलं, जगात आता लपून राहण्यासारखं काही उरलं नाही. त्या शनिवारी घरी येताना मी पांढऱ्या ऑइलपेंटचा छोटा डबा आणला आणि आमच्या परसातल्या शेडच्या दारावर तो त्रिकोण हातभर मोठा रंगवला. येता-जाता त्याला हात लावायचा आणि पुटपुटायचं, अशी सवयच लागली.

आठवड्यानं पुन्हा घरी आलो तर त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना हळदीकुंकू लागलेलं.

‘‘आई, हे काय?’’

‘‘तूच काढलास न्हवं? येता-जाता हात लावून कायतरी म्हणतंस. म्हणलं देवाचं यंत्र असंल.’’

मग मी चुलीपुढं पाट घेऊन बसलो आणि तिला तासभर ते सगळं समजावून सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. आमच्या आईच्या भाकरीचा एक आवाज होता, थप थप थप आणि मग परातीत अर्धी गिरकी. तिला काही पटलं नाही की गिरकी राहून जायची आणि नुसतं थप थप चालायचं. त्या दिवशी बराच वेळ नुसतं थप थप चाललं. शेवटी भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, ‘‘म्हंजी यातलं दोन ठावं असलं की तिसरं आपोआप कळतंय.’’

‘‘बराबर!’’

‘‘मग देवच की,’’ ती म्हणाली आणि तव्यावरच्या भाकरीला पाणी लावलं. दर मंगळवारी हळदीकुंकू चालू राहिलं.

हे शेड म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी शोभा तिथंच झाली. माकणीच्या धरणापासून सायकलनं तासाभरावर आमचं गाव. भूकंपानंतर ते नव्या जागी वसलं, सरळ रस्ते, ओळीनं घरं. त्याआधी आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो होतो. उन्हाळ्यात भाजायचो, थंडीत पत्र्यावरून दव आत ठिबकायचं. नव्या घरात गेल्यावर माझ्या वडिलांनी, आबांनी, ते पत्रे टाकून दिले नाहीत. परसात पुन्हा उभे केले. आबा कमी बोलायचे. ‘‘कामाला येतंय,’’ एवढंच म्हणाले. सकाळी ऊन चढलं की ते पत्रे तडतडायचे आणि संध्याकाळी निवताना पुन्हा तडतडायचे. पाहुणे दचकायचे, आम्हाला ते घड्याळासारखं झालं होतं. त्या शेडमध्ये कडबा, मोडकी कुळवाची दांडी आणि चार पोती शेंगांची टरफलं, एवढाच संसार होता. मग एका हिवाळ्यात तिथं शंभर पिल्लं आली.

पिल्लं योजनेतून आली, सुधारित जातीची, एक दिवसाची. अर्ज आईच्या नावावर होता. आता हे वाचताना कुणाला यात काही विशेष वाटणार नाही, पण आमच्याकडं बैल आबांचे, म्हैस आजोबांची, घर आबांचं, सायकल माझी. चुलीला कुणाचं नाव लागत नाही म्हणून ती तेवढी आईची. अर्जावर अंगठा न लावता तिनं सही केली. ती सही करायला ती महिनाभर राखेत बोटानं शिकली होती. जनावरांचे डॉक्टर खोकी घेऊन आले तेव्हा त्यांनी मोठ्यानं तिचं पूर्ण नाव वाचलं, आणि आई पदर सारखा करून अशी पुढं आली जशी काही तिला वर्गात उठवलंय. खोक्यांना भोकं होती आणि त्या भोकांतून एकसारखं चिवचिव चाललं होतं. शंभर पिल्लांचा आवाज म्हणजे कढईत मोहरी तडतडत राहावी तसा.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. खाली टरफलं पसरायची, त्यावर कागद, भोवती पत्र्याचं गोल कडं. आईविना पिल्लांना ऊब बल्बनं द्यायची. ‘‘साधारण एका पिल्लाला दोन वॅट,’’ ते म्हणाले, ‘‘पण थंडी आहे, पत्र्याचं शेड आहे, चार वॅट धरा. म्हणजे शंभरचे चार बल्ब.’’ वॅट हा शब्द परक्या माणसाच्या तोंडून आमच्या परसात पहिल्यांदाच निघाला होता. मी पुढं झालो, टेस्टर चाचपला, आणि म्हणालो, ‘‘ते मी बघतो.’’ डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, टेस्टरकडं पाहिलं, आणि आईला म्हणाले, ‘‘मावशी, तुम्ही लक्ष ठेवा.’’

मी एका जुन्या डालग्याला, म्हणजे कोंबड्या झाकायच्या बुट्टीला, चार होल्डर बांधले, ते उपडं करून वाशाला टांगलं, चार बल्ब लावले. खाली पिवळाधमक गोल पडला आणि पिल्लं त्याखाली धावली. संध्याकाळी आई तिथंच बसली. बघत नव्हती, ऐकत होती. डोळे मिटून, तोंड जरा वाकडं करून, जसं डॉक्टर छातीला नळी लावतात तसं.

‘‘दिगू,’’ ती म्हणाली, ‘‘आणखी दोन बल्ब लाव.’’

‘‘का?’’

‘‘रडायलीत ती.’’

‘‘आई, पिल्लं आहेत ती. चिवचिव करणारच.’’

‘‘चिवचिव येगळी आन् रडनं येगळं. उबंला पिल्लू बारीक, गोड बोलतंय, मधी मधी गप ऱ्हातंय. ही गप ऱ्हाईनात. आवाज वर चढलाय त्यांचा. सहा बल्ब पायजेत.’’

आता विचार करा. एकीकडं डॉक्टरांचा हिशेब, एकीकडं दारावरचा त्रिकोण, आणि मध्ये माझी आई बल्ब कानानं मोजतेय! मला तिची इतकी दया आली की मी तिला शिक्षित करायचं ठरवलं.

त्या दिवसांत मी सुट्टीच्या दिवशी शिवप्पा मिस्त्रींच्या दुकानात बसायचो. बाजारच्या गावात त्यांचं मोटारी भरायचं दुकान, म्हणजे विहिरीवरची मोटार जळाली की तिच्यात नवी तार गुंडाळून द्यायचं. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, बोटं वॉर्निशनं पिवळी, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि मोटारीला शिव्या दोन्हींत. येळवशीच्या सणाला दुकान बंद राहणार होतं म्हणून त्यांनी मला त्यांचा व्होल्ट आणि ओहम मोजायचा काट्याचा मल्टिमीटर दोन दिवस नेऊ दिला. ‘‘फक्त वापरायच्या आधी डोस्कं चालव,’’ एवढी एक अट घातली. ती अट मी मल्टिमीटरबरोबर घरी आणली नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी डालग्यातला एक बल्ब काढला, निवू दिला, आणि आई, आबा, शेजारच्या दोन बायका अशा सभेपुढं मल्टिमीटरच्या दोन्ही पिना त्याला लावल्या. काटा सरकला आणि चाळीसवर थांबला. चाळीस ओहम. मी गंभीर झालो. कागद मागवला. दोनशे तीस व्होल्टला चाळीसनं भागलं: पावणेसहा अँपिअर. दोनशे तीस गुणिले पावणेसहा: तेराशे बावीस. आणि वर अर्धा.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बल्बवर स्वच्छ छापलेलं होतं, शंभर वॅट. आणि माझं गणित सांगत होतं तेराशे! दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, आपलं काहीतरी चुकतंय. मला वाटलं, कारखाना खोटं बोलतोय. मला तर आनंदच झाला. सतरा-अठराव्या वर्षी सगळं जग फसवतंय आणि आपण एकट्यानं ते पकडलं, याच्याइतकं सुख दुसरं नाही; मला ते पुढं कधीच तितकं मिळालं नाही. चार बल्ब म्हणजे पाच हजार दोनशे नव्वद वॅट! मी तो आकडा एखाद्या कीर्तनकारासारखा सावकाश, हात वर करून उच्चारला. शेजारच्या बायकांनी ‘अगं बाई’ म्हटलं. आबांनी तंबाखू मळायची थांबवली.

‘‘म्हणजे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘म्हणजे आबा, शंभर पिल्लांना चारशे वॅट पाहिजेत, आपण देतोय पाच हजार. ती थंडीनं नाही रडत, भाजायलीत! आई म्हणते आणखी दोन लाव. लावले असते तर सकाळी पिल्लं नसती मिळाली, मसाला लावायचाच तेवढा राहिला असता.’’

सभा हसली. आई हसली नाही. ती म्हणाली, ‘‘भाजलेलं पिल्लू दिव्यापासून लांब पळतंय रं. कडंला जातंय, चोच उघडी टाकतंय. ही तर दिव्याखाली दाटीनं बसलीत.’’

यावर मी दाराकडं बोट दाखवलं. त्रिकोणाकडं. त्याला तिनंच त्या मंगळवारी कुंकू लावलं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाली, ‘‘तुला कळतंय तर तसं कर बाबा.’’ मी तीन बल्ब काढले. एक ठेवला. एका बल्बचे तेराशे वॅट, तेही गरजेच्या तिप्पट, पण असू दे म्हटलं, थंडीचे दिवस आहेत. उदार मन.

येळवस आमच्या धाराशिव-लातूरकडचा सण. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. ज्वारी पोटरीत, हरभऱ्याला घाटे. कडब्याची खोप करून त्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आंबील रानभर शिंपडायची आणि मग जेवायचं. भज्जीची भाजी ही आमच्याकडची खरी दौलत. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे, हरभऱ्याची पानं, मेथी, रानात जे हिरवं दिसेल ते, वर चिंच आणि डाळीचं पीठ. मोठ्या भांड्यात घट्ट शिजवलेली. तिच्याबरोबर बाजरीचे उकडलेले उंडे आणि गार, आंबट, लसणाची आंबील. आईचा रानात यायचा विचार नव्हता. ‘‘मी पिल्लांपाशी थांबते, तुमी जावा,’’ ती म्हणत होती. मी म्हणालो, ‘‘आई, आता काळजी कशाची? हिशेब झालाय. दिवसभर काही बघायची गरज नाही.’’ तिच्याशिवाय येळवशीला चव नाही, हे खरं होतं. पण मला त्याहून आपला हिशेब चारचौघांत सिद्ध झालेला पाहायचा होता, हेही खरं. ती आली. डोक्यावर आंबिलीचं भांडं घेऊन सगळ्यांत मागं चालत, दोनदा गावाकडं वळून बघत आली.

त्या दिवशी आभाळ होतं. ऊन पडलंच नाही. पूर्वेचा वारा सुटलेला. ज्वारीची पानं सळसळत होती आणि आबांनी जेवतानाही घोंगडं काढलं नाही. मी चार उंडे आणि दोन वाडगे भज्जी हाणली आणि शेजारच्या रानातल्या लोकांना बोलावून कारखान्यांची लबाडी समजावून सांगितली. पेंढीवर उभा राहून, होय. आईनं मात्र आंबीलही अर्धीच घेतली.

परत निघालो तेव्हा अजून उजेड होता. गावाच्या वळणाला आई थांबली. आम्हाला वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तिनं मान वाकडी केली, भांडं डोक्यावरून उतरवून आबांच्या हातात दिलं, आणि पळाली. त्याआधी मी माझ्या आईला पळताना कधी पाहिलं नव्हतं. नऊवारीचा ओचा धरून, चपला वाटेतच सोडून. मी मागं धावलो. घराजवळ गेल्यावर मलाही ऐकू आलं: चिवचिव नव्हेच, एक लांबलचक, बारीक, टोचणारा सूर, सगळ्यांचा मिळून एकच.

कडं जवळजवळ रिकामं होतं. शंभर पिल्लं त्या एकट्या बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून ढीग होऊन बसली होती, तीन-तीन थरांत. वरची खाली घुसायला बघत होती आणि खालची हलत नव्हती. बल्ब लालसर पिवळा, पिकल्या बोरासारखा, अगदी शांत जळत होता. तेराशे वॅट!

आईनं ढिगात हात घातला आणि पिल्लं मोकळी करायला लागली. ‘‘बल्ब लाव,’’ एवढंच म्हणाली. मी काढलेले तिन्ही बल्ब पुन्हा एकेक करून होल्डरमध्ये बसवले. आबा आले. त्यांनी काही विचारलं नाही. घोंगडं अंथरलं, सगळ्यात गारठलेली पिल्लं आपल्या बंडीच्या दोन्ही खिशांत आणि छातीशी घातली, आणि चुलीपुढं जाऊन बसले. आईनं येळवशीचं जेवण नेलेली पाटी रिकामी केली, तळाला ऊन फडकी घातली, पाटी चुलीशेजारी ठेवली आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन, तोंडाची वाफ देत, त्यात ठेवायला लागली. आबांच्या बंडीच्या गळ्यातून एकदा एक डोकं वर आलं, मग दुसरं. आबा हनुवटी वर धरून, एखाद्या फोटोसाठी बसावं तसे ताठ बसले होते. आज ते आठवलं की हसू येतं. तेव्हा मी दाराआड उभा होतो आणि मला रडू येत होतं, आणि खिशातला टेस्टर छातीला टोचत होता.

अकरा मेली. आईनं ती सुपात ओळीनं ठेवली, शेवग्याच्या बुडाशी पुरली. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं, मी उलट बोलायची तयारी करून ठेवली होती. तिनं माझ्यापुढं उरलेली भज्जी वाढली आणि म्हणाली, ‘‘जेव. गार हाय पर चांगली हाय.’’

सकाळी मी मल्टिमीटर परत करायला गेलो, आणि ज्याला मी आदल्या दिवशी रानभर पराक्रम म्हणत होतो तो शिवप्पा मिस्त्रींना खालच्या मानेनं सांगितला. ते ऐकत होते आणि मोटारीच्या खाचेत तार बसवत होते. मी चार बल्बांचा आकडा सांगितला तसा त्यांचा हात थांबला.

‘‘पाच हजार वॅट. म्हंजी अँपिअर किती?’’

‘‘तेवीस.’’

‘‘तुमच्या घरच्या फ्यूजला तार कसली?’’

‘‘एकेरी. पाच अँपिअरची.’’

‘‘हौदप्पा, व्हय की. पाच अँपिअरच्या तारंतून तेवीस अँपिअर, दोन दिवस! आन् फ्यूज उडला न्हाय?’’ ते माझ्याकडं पाहत राहिले. ‘‘डोस्कं चालव म्हणलं होतं की तुला. बल्ब मोजलास तवा पेटलेला होता का इझलेला?’’

‘‘विझलेला. पेटलेला कसा मोजणार?’’

‘‘तिथंच मेलास. आरं, सकाळी मोकळ्या गल्लीतनं सायकल सुसाट जाती का न्हाय? बाजाराच्या दिवशी तीच गल्ली, अर्धा तास लागतोय. गार तार म्हंजी मोकळी गल्ली. पेटली की आत बाजार भरतोय, समदे वळवळायला लागत्यात, करंटला वाट मिळंना. चाळीसचे पाचशे व्हत्यात. तू मोकळी गल्ली मोजलास आन् बाजाराचा हिशेब मांडलास.’’

ते उठले, लाकडी पेटीतला अँपिअरचा मीटर काखेत मारला, मल्टिमीटर पुन्हा बरोबर घेतला आणि माझ्या सायकलच्या मागं बसले. वाटेत म्हणाले, ‘‘मी कोंबडीला शिवत न्हाय, ठावं हाय न्हवं? आमच्यात चालत न्हाय. पर खानारे शिजवून मारत्यात, तू गणितानं मारलास. तुज्यापरास ते बरे.’’

शेडच्या दारात त्यांनी उपरणं नाकाला लावलं आणि बाहेरूनच हुकूम सोडले. चारही बल्ब पेटते ठेव. मीटर मधोमध जोड, करंट त्याच्यातनंच गेला पाहिजे. आता वाच. काटा दीडवर होता. दीड अँपिअर, चार बल्ब मिळून. मग मल्टिमीटरनं दाब, म्हणजे व्होल्ट, पाहिला. दोनशे तीस नव्हताच. एकशे सत्तर! गावातल्या सगळ्या विहिरींच्या मोटारी ज्वारी-हरभऱ्याला चालू होत्या आणि आमच्या डीपीला, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरला, धाप लागली होती. आयटीआयच्या भिंतीवर लिहिलेले दोनशे तीस आमच्या शेडमध्ये येऊन बसलेत असं मी धरून चाललो होतो.

‘‘आता कर गणित,’’ मिस्त्री उपरण्याआडून म्हणाले.

मी दारातल्या धुळीतच बोटानं केलं. एकशे सत्तर गुणिले दीड: दोनशे पंचावन्न वॅट. चार बल्बांचे. म्हणजे एकाचे चौसष्ट. एका बल्बला दीडचा चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण अँपिअरच्या निम्मा. त्यानं एकशे सत्तरला भागलं तर साडेचारशे ओहम. चाळीस नव्हे. आणि शंभर पिल्लांना डॉक्टरांचे चारशे वॅट द्यायचे तर चारशेला चौसष्टनं भागा.

मी भागलं. सव्वासहा.

मी आईकडं पाहिलं. ती कड्याशी बसून पिल्लांना कणी टाकत होती. ‘‘किती?’’ तिनं विचारलं.

‘‘सहा,’’ मी म्हणालो.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. शेंगांच्या टरफलाच्या पोत्यात हात घालून तिनं कागदात गुंडाळलेले दोन बल्ब काढले आणि मला दिले. ते तिनं पिल्लं आली त्याच संध्याकाळी आबांना दुकानात पाठवून आणून ठेवले होते. मी हसेन म्हणून दिले नव्हते.

आणखी दोन होल्डर बांधून सहावा बल्ब लावल्यावर आम्ही तिघं पिल्लांकडं बघत उभे राहिलो. पाच-सात मिनिटं गेली. ढीग सैल झाला, पिल्लं कडंभर पांगली, कुणी पाय ताणून आडवं पडलं, कुणी टरफलं उकरायला लागलं. आणि मग मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला: बारीक, गोड, मध्येच थांबणारा. पत्रा तडतडला. मिस्त्रींनी उपरणं खाली केलं आणि आईला हात जोडले. ‘‘ताई, तुमच्या कानात मीटर हाय,’’ ते म्हणाले, ‘‘आन् ह्याच्या खिशात नुसता टेस्टर.’’

पेटलेलं मोजलंस का विझलेलं, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या घरात राहिला तो राहिलाच. माझी बायको तो मला तिच्या माहेरच्या माणसांबद्दल विचारते, मुलगी मोबाईलच्या चार्जिंगबद्दल, आणि माझे विद्यार्थी परीक्षेच्या आधी. हो, मी आता शिकवतो. लोकांनी विश्वास ठेवला. असले तारेचे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, एलईडीखाली पिल्लं गारठतात, तरी मी वर्गासाठी कपाटात एक जपून ठेवला आहे. आई मधून मधून विचारते, फुटला न्हाय न्हवं. तिला आता ऐकू कमी येतं. पण पिल्लांचं येतं, ती म्हणते, आणि मी तपासून पाहत नाही.

त्या दिवशी मिस्त्री गेल्यावर मी रॉकेलचं फडकं घेऊन शेडच्या दाराशी गेलो होतो. त्रिकोण पुसायचा होता. ज्याच्या नावावर अकरा जीव गेले, तो दारावर कशाला ठेवायचा? वरचा कोपरा घासायला लागलो तेवढ्यात आईनं मागून माझं मनगट धरलं.

‘‘आसू दे.’’

‘‘खोटा निघाला तो, आई.’’

‘‘त्यो कशानं खोटा? मिस्त्रीनं त्यालाच इचारलं, त्यानं सहाच सांगितलं की.’’ तिनं माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. मंगळवार नव्हता, तरी कुंकवाचा करंडा आणला आणि तिन्ही टोकांना नवं कुंकू लावलं, वरच्या घासलेल्या कोपऱ्याला जरा जास्तच.

‘‘देव खरा हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पुजारी येडा हाय.’’

आणि अंगठ्याला उरलेलं कुंकू तिनं माझ्या कपाळाला पुसलं.